पेटीवाले सर आणि माझी गिटार

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते आपले पेटीवाले सर. बाकीच्या गुरुजनांविषयीही मनात आदर आहेच, पण मला लिहायचे आहे ते सरांबद्दल.

मी नववीत होतो. स्नेहसंमेलन तोंडावर आले आणि पेटीचा भाता फाटला. सर म्हणाले, "प्रार्थना तू गिटारवर वाजव." गाण्यामागे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, धरण्यापलीकडे मला तेव्हा काही येत नव्हते. चाल आणि साथ दोन्ही एकाच गिटारवर, हे कधी डोक्यातही आले नव्हते. सरांना स्वतःला तर गिटार येतच नव्हती! शाळा सुटल्यावर संगीताच्या खोलीत त्यांनी मला एकेक तार छेडायला लावली आणि स्वर ओळखत गेले.

आपली प्रार्थना भूप रागातली, म्हणजे सा रे ग प ध एवढेच स्वर; म आणि नि वर्ज्य. सरांनी गिटारचा सी हा स्वर सा धरला. दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर सा, तिसऱ्यावर रे. पहिली तार मोकळी, न दाबता छेडली की ग, तिसऱ्या पडद्यावर प, पाचव्यावर ध. सगळी चाल दोन बारीक तारांवर बसली आणि जाड तारांना अंगठा मोकळा राहिला. मग म्हणाले, "ग वाजत ठेव, खर्ज, म्हणजे खालचा जाड स्वर, बदल." मी अंगठ्याने खाली आधी सी वाजवला, मग पाचवी तार मोकळी, म्हणजे ए, मग सहावी मोकळी, म्हणजे ई. वरचा ग तोच. पण सीवर प्रसन्न, एवर उदास, ईवर भारदस्त. त्या संध्याकाळी मला अरेंजमेंट, म्हणजे चालीची वाद्यावरची मांडणी, काय असते ते कळले.

गिटारच्या पुस्तकात सी स्केलला एफ आणि जी हे कॉर्ड ठरलेलेच. सरांनी एफ काढूनच टाकला, कारण त्यात म येतो. जीमध्ये नि येतो, म्हणून तिथे नुसते प आणि रे ठेवले. भूपात पुरते बसणारे साधे कॉर्ड दोनच, सी मेजर आणि ए मायनर. तेही सतत नाही, फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. मधल्या मात्रांना चाल एकटीच चालायची. "मुलं चाल म्हणतात, कॉर्ड नाही. चाल वर ऐकू आली पाहिजे," हे त्यांचे शब्द. संमेलनात सगळी शाळा त्या गिटारवर प्रार्थना म्हणाली.

आज मी पुण्यात गिटार शिकवतो. नव्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा तोच ग आणि त्याखालचे तीन खर्ज ऐकवतो. मोठमोठ्या वादकांच्या कार्यशाळा केल्या, पण वर्ज्य स्वराची एवढी चाड कोणी शिकवली नाही.

संगीताच्या खोलीत आता संगणक आहेत आणि प्रार्थना रेकॉर्डवर लागते, हे ऐकून फार वाईट वाटले. सरांनी बसवलेली मांडणी मी स्वरलिपीत आणि टॅबमध्ये (कोणती तार, कोणता पडदा हे दाखवणाऱ्या गिटारच्या लिपीत) लिहून शाळेच्या कार्यालयात देत आहे. ज्या मुलामुलींकडे गिटार असेल त्यांनी ती जरूर घ्यावी. आणि महोत्सवाच्या दिवशी तरी रेकॉर्ड लावू नये, ही संयोजकांना कळकळीची विनंती.