तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेक मी घरीच का बदलतो

“त्या दिवशी एवढं झालं, तरी मागचे ब्रेक तू घरीच बदलतोस?” मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत हे विचारून झालंय. मुलीच्या मैत्रिणींच्या आईवडिलांचं विचारून झालंय. आई तर साताऱ्याहून दर रविवारी फोनवर विचारते. मी “बघू” म्हणतो आणि विषय बदलतो. आता एकदाच नीट सांगतो.

पैसे वाचवायला करतो, असं बहुतेकांनी ठरवून टाकलंय. सुरुवातीला मीही तेच सांगायचो. गॅरेजने मागच्या दोन डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या) आणि पॅड (त्यांना दोन्हीकडून दाबणाऱ्या पट्ट्या) बदलायचे 600 डॉलर सांगितले होते, मला सामान 150 मध्ये मिळालं. पण जॅक, जॅक स्टँड, टॉर्क रेंच यांचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी फारसं काही वाचलं नव्हतं. तेव्हा ते कारण सोडा.

गाडी 2001 ची माझदा मियाटा, दोनच सीटची. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं आणि बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात. मागच्या डिस्क झिजतात सावकाश, पण गंजतात लवकर. न्यू जर्सीत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मी ही गाडी हिवाळ्यातही चालवतो. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, नुसती बसवलेली असते, तरी चार-पाच हिवाळ्यांत ती अशी धरून बसते की जणू वेल्डिंग केलंय. गंजावर तेल मारायचं, थांबायचं, रबरी हातोड्याने ठोकायचं, डिस्क थोडी फिरवून पुन्हा ठोकायचं. सुटते तेव्हा एकदम सुटते आणि तांबूस भुगा पायांवर पडतो.

आता पिस्टनचं सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच घडलं. पॅड डिस्कवर दाबणारा पिस्टन झिजलेल्या पॅडबरोबर बाहेर आलेला असतो. नवे पॅड जाड, म्हणून त्याला परत आत न्यावं लागतं. पुढच्या चाकांना क्लॅम्प लावून दाबला की जातो. मागे तसं करायचं नाही, कारण या गाडीत हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरातच, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या भागातच आहे. कॅलिपरच्या पाठीमागे 14 मिलिमीटरचा एक बोल्ट असतो. तो काढला की आत 4 मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी टोकाचा पाना) बसते. ती उलटी फिरवली की पिस्टन आत जातो. नवे पॅड बसले की तीच की सुलटी फिरवत पॅड डिस्कला घट्ट टेकवायचे आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. शेवटचं एवढं राहिलं तर हँडब्रेक ओढला तरी त्या चाकाला पकड येत नाही.

मे महिन्यातला शनिवार होता. डावं चाक व्यवस्थित झालं. उजवीकडची डिस्क निघायला पाऊण तास गेला. चारला पाहुणे येणार होते, तीन वाजून गेले होते, मनगटं भरून आली होती. पिस्टन आत घेतला, पॅड घातले, कॅलिपर बसवला, पाठचा बोल्ट आवळला, चाक चढवलं. की सुलटी फिरवायची राहिली.

गल्लीत एक फेरी मारून आलो. ड्राइव्हवेच्या वरच्या टोकाला गाडी उभी केली, न्यूट्रलमध्ये, आणि हँडब्रेक ओढला. एरवी सहा कटकट्यांत घट्ट होणारा दांडा नवव्यापर्यंत आला. ब्रेकचं पेडलही जरा खोल जात होतं. मला ते जाणवलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. “नवे पॅड आहेत, बसतील,” असं मनाशी म्हणालो आणि हात धुवायला आत गेलो.

वडील खंबाटकी घाटात गाडी थांबवली की ती पहिल्या गिअरमध्ये टाकायचे आणि मागच्या चाकाला दगड लावायचे. दगड शोधून आणायचं काम माझं असे. हे ज्याला लहानपणापासून माहीत, त्याने गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली.

सहा वर्षांची मुलगी ड्राइव्हवेच्या खालच्या टोकाला खडूने चित्र काढत बसली होती. गाडी लगेच हलली नाही. डावीकडच्या एकट्या ब्रेकने काही मिनिटं धरून ठेवलं असणार, मग गरम डिस्क थंड होऊन आकसली तशी तीही पकड सैल झाली असणार. मला आत नळाच्या आवाजात काही कळलं नाही. बायकोची किंकाळी ऐकू आली. बाहेर आलो तेव्हा गाडी माणसाच्या चालीने खाली जात होती. मुलगी तिच्या वाटेत नव्हती. निळा खडू गवतात घरंगळला होता, तो आणायला ती उठली होती. गाडी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथच्या कडेला टेकली आणि थांबली. बंपरला ओरखडाही नाही.

चित्रात एक घर होतं, वर सूर्य. सूर्याच्या अर्ध्या तोंडावरून टायरचा पट्टा गेला होता. मुलगी चित्रासाठी रडत होती. आम्ही दोघं कशासाठी रडत होतो ते तिला कळलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी ब्रेकला हात लावला नाही. गाडी गॅरेजला दिली, बिल भरलं, शांत झोपलो. मग एकदा टायर बदलायला चाक काढलं तर उजवीकडचा आतला पॅड पार पत्र्याला लागलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांना ग्रीसच लावलं नव्हतं, त्या अडकल्या होत्या. सगळी गॅरेजं अशीच असतात असं मी म्हणत नाही. उत्तम हात असलेले मेकॅनिक मी पाहिलेत. पण त्या दोन वर्षांत मी जे शांत झोपलो ते कशाच्या जोरावर, हे मला त्या दिवशी कळलं. चाकाच्या आत काय केलंय हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून.

तेव्हापासून पुन्हा मीच करतो. बायकोचं म्हणणं सरळ आहे: गॅरेजच्या चुकीने पॅड झिजला, तुझ्या चुकीने गाडी मुलीच्या अंगावर गेली असती. याला माझ्याकडे उत्तर नाही. माझी चूक मला दांड्याच्या तीन जास्तीच्या कटकट्यांनी सांगितली होती, मी ऐकली नाही, आता ऐकतो, असं मी म्हणतो. त्यावर ती म्हणते, ऐकणारा माणूस तेव्हाही तूच होतास. तेही खरंच आहे.

आता त्या दिवशी घरी पाहुणे नसतात. हँडब्रेक सोडल्याशिवाय मागचं काम होत नाही, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना ठोकळे लावतो. चाक चढवण्याआधी पाठचा बोल्ट पुन्हा काढतो, की घालतो, पॅड टेकलेत का ते हाताने बघतो. मग समोरच्या सपाट रस्त्यावर गाडी आणून हँडब्रेक ओढतो, कटकट्या मोठ्याने मोजतो. शेवटी पहिला गिअर, आणि मागच्या चाकांना दगड. दगड मी इथल्याच एका ओढ्यातून आणलेत, दोन, चांगले चपटे.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. ब्रेक बदलायच्या दिवशी बायको सकाळीच तिला घेऊन बहिणीकडे जाते आणि संध्याकाळी परतते. मी त्यांना थांबा म्हणत नाही.