जिनिंगात काम करणाऱ्यानं नापामबद्दल वाचलं तेव्हा

हिंगणघाटकडच्या जिनिंगात काम करतो, त्यामुळं आगीची धास्ती अंगवळणी पडली आहे. कापसाची गंजी वरून विझली तरी आत धुमसत राहते. म्हणूनच असेल, दुसऱ्या महायुद्धाबद्दल वाचताना मी एम-६९ या अमेरिकी आगलाव्या बॉम्बपाशी अडकलो. जेलीसारखं घट्ट केलेलं पेट्रोल, तेही विरळ सुती कापडाच्या पिशवीत भरलेलं. म्हणजे कापूसच की, बाप्पा!

हे घट्ट पेट्रोल म्हणजेच नापाम. ते १९४२ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ लुई फीझरच्या चमूनं बनवलं. पुढच्या वर्षी अमेरिकी लष्करानं युटाच्या वाळवंटात जपानी घरं उभारली, आत ताटामी चटया अंथरल्या आणि ती कशी पेटतात ते तपासलं. चटईसुद्धा विसरले नाहीत, हेच मला जास्त खुपतं. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी टोकियोवर हेच बॉम्ब टाकले आणि सुमारे १ लाख माणसं मेली.

बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या आरमाराची ‘ग्रीक आग’ हे जळतं द्रव त्याहून कितीतरी जुनी, पण ती नळीतून शत्रूच्या जहाजावर जायची. इथं तर झोपलेली वस्तीच पेटवली.

१९८० च्या आंतरराष्ट्रीय करारानं नागरिकांवर आगलावी शस्त्रं वापरायला बंदी घातली. मात्र मुळात धुरासाठी बनवलेला दारूगोळा त्या व्याख्येत येत नाही, म्हणून धूर करणाऱ्या, पण हवा लागताच पेटणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसवरून भांडण अजून चालूच आहे.