ट्रेलर जोडून थरच्या वाळूत: मुंबई ते जैसलमेर आणि डांबरी रस्ता सोडल्यानंतरचा प्रवास

कॅम्पर ट्रेलर, म्हणजे मुक्कामाच्या सोयी असलेला ट्रेलर, गाडीला जोडून मुक्कामाला बाहेर पडणारी कुटुंबे आता मुंबईच्या आसपासही दिसू लागली आहेत. त्यांपैकी कोणाला हा ट्रेलर वाळवंटात न्यावा असे वाटले, तर त्यांच्या उपयोगी पडावा या हेतूने हा वृत्तांत लिहीत आहे. सरत्या हिवाळ्यात आम्ही दोन कुटुंबे, म्हणजे माझे आणि धाकट्या भावाचे, दोन गाड्या आणि एक ट्रेलर घेऊन जैसलमेरच्या पलीकडे वाळूत राहून आलो. वाळूत जायचे म्हटले की बहुतेक जण गाडीची ताकद, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) आणि डिफ लॉक (एका आसाची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) यांविषयी विचारतात. आमच्या अनुभवानुसार मात्र टायरमधली हवा, वजन, वाट आणि थांबण्याची जागा या चारही गोष्टी ट्रेलरला काय झेपेल ते पाहून ठरवाव्या लागतात, आणि गाडीला त्यानुसार चालावे लागते.

आमची मुख्य गाडी लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर) असलेली फोर बाय फोर डिझेल पिकअप आहे. ट्रेलर एका आसाचा, म्हणजे दोन चाकांचा, असून सामान भरल्यावर त्याचे वजन सुमारे ९०० किलो होते. मुंबईत सोसायटीच्या आवारात ट्रेलर ठेवणे जवळपास अशक्य असल्याने तो वसईला मामांच्या वाडीत असतो, आणि गुजरातकडे जाताना ते सोयीचेही पडते. नव्याने ट्रेलर घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच पक्की करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी आणि नंबर प्लेट हवी. परराज्यात नाक्यानाक्यावर पोलीस गाडीच्या कागदांबरोबर ट्रेलरचेही कागद मागतात आणि ते हाताशी असले की दोन मिनिटांत पुढे जाता येते.

निघण्यापूर्वीचे सर्वांत महत्त्वाचे काम वजनाच्या वाटणीचे असते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर जोडतात त्यावर, यावा, हा अनेक ठिकाणी पाळला जाणारा ठोकताळा आहे. भार त्याहून फार कमी झाला तर महामार्गावर ट्रेलर डोलू लागतो. जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि वाळूत मागची चाके आधी रुततात. हे मोजायला खास यंत्र लागत नाही. घरातला माणसे मोजण्याचा वजनकाटा फळीवर ठेवून त्यावर ट्रेलरची दांडी हिचच्या उंचीवर टेकवली की आकडा समोर येतो. आमच्या ट्रेलरची पाण्याची टाकी आसाच्या पुढे आहे, त्यामुळे टाकी रिकामी असताना आणि भरल्यावर येणारे आकडे बरेच वेगळे होते. म्हणून मोजमाप टाकी भरूनच करावे आणि जड डबे, गॅस, अवजारे यांची जागा त्यानुसार ठरवावी. पाणी मात्र मुंबईहून वाहून नेऊ नये. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, आणि ते हजार किलोमीटर ओढण्याचे कारण नाही. जैसलमेर शहरात टाकी भरता येते.

सरावाविषयीही सांगायला हवे, कारण मुंबईकरांच्या मनात पहिला विचार अलिबाग किंवा दापोलीच्या किनाऱ्याचा येतो. किनाऱ्यावर गाडी उतरवू नये. भरतीचे पाणी रुतलेल्या गाडीसाठी थांबत नाही, अनेक ठिकाणी पोलीस कारवाई करतात, आणि वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूखाली असतात. ट्रेलर मागे घेण्याचा सराव कोणाच्या तरी मोकळ्या माळावर, परवानगी घेऊन करावा. तो पुरेसा होतो.

वसईहून पहाटे निघाल्यास मनोर, तलासरी मागे पडेपर्यंत रहदारी बेताची असते. बडोदा, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर आणि जैसलमेर हा मार्ग हजार किलोमीटरहून थोडा अधिक भरतो, आणि ट्रेलर असताना त्याला मधला मुक्काम हवाच. आम्ही वेग ७० ते ८० च्या पुढे नेला नाही. मोठा ट्रक वेगाने ओलांडून गेल्यावर ट्रेलर हलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंग वळवून सावरायला जाऊ नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा. प्रत्येक थांब्यावर ट्रेलरच्या दोन्ही हबवर, म्हणजे चाकांच्या मध्यभागी, तळवा ठेवून पाहावे. हब कोमट लागला तर ठीक, पण हात ठेववत नसेल तर बेअरिंग जात आहे असे समजावे. बेअरिंगचा एक संच आणि ग्रीसचा डबा सोबत असावा, कारण ट्रेलरचे बेअरिंग आडगावच्या दुकानात मिळेलच असे नाही.

जागा निवडण्यात आम्ही सर्वाधिक वेळ घालवला आणि तो योग्यच होता. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर जीप सफारींची गर्दी असते. सम आणि खुरी या भागांना लागून असलेले डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे आणि तेथे वाटा सोडून गाडी चालवण्याचा विचारही करू नये. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला परिचित असलेल्या माळढोकाचा हा जवळजवळ शेवटचा आसरा आहे, आणि तो पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. सीमेलगतच्या अनेक भागांत परवानगीशिवाय थांबता येत नाही. गावांची राखीव ओरणे आपल्या देवरायांसारखी देवाच्या नावाने राखलेली असतात, तेथे विचारल्याशिवाय चाक घालू नये. आम्ही रामगढच्या दिशेला एका शेतकऱ्याच्या पडीक जमिनीवर, त्यांची परवानगी घेऊन आणि पोलीस ठाण्यात माहिती देऊन मुक्काम केला. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे. ड्रोनही घरी ठेवावा. दोन गाड्यांमध्ये बोलण्यासाठी वॉकी-टॉकी आणि गावात कोणाला तरी परतण्याची वेळ सांगून ठेवणे, एवढ्यावर आमचे काम भागले.

डांबरी रस्ता सोडताच पहिले काम टायरमधली हवा कमी करण्याचे. आम्ही पिकअपची हवा ३६ वरून १८ पीएसआयवर आणि ट्रेलरची ४० वरून १७ वर आणली. हवा कमी केल्याने टायर रुंद होतो असे अनेकांना वाटते, परंतु खरा फायदा लांबीत असतो. जमिनीला टेकणारा भाग पुढे-मागे लांब होतो, भार पसरतो आणि चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून जाते. मऊ वाळूवर दोन पावले गाडी पुढे घेऊन मागचा ठसा पाहावा, फरक डोळ्यांना दिसतो. फक्त गाडीची हवा कमी करून ट्रेलरची तशीच ठेवणे हा सर्वांत महागात पडणारा कंजूषपणा आहे, कारण मग ट्रेलरची कडक चाके नांगराच्या फाळासारखी वाळूत शिरतात आणि गाडीची अर्धी ताकद तो नांगर ओढण्यात जाते. १५ च्या खाली मात्र अडचणीतच जावे, कारण त्यानंतर जोरात वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. दोन्ही वाहनांच्या चाकांमधले अंतर सारखे असेल तर ट्रेलर गाडीच्याच दाबलेल्या चाकोरीतून येतो. ट्रेलर बनवून घेतानाच हे मोजून सांगावे, नंतर ते बदलणे अवघड आहे.

वाळूतल्या वेळेलाही महत्त्व आहे. सकाळी दवाच्या ओलाव्याने कण एकमेकांना धरून ठेवतात आणि वाळू घट्ट असते, तीच जागा दुपारी दोन वाजता कोरडी आणि सैल होते. म्हणून ट्रेलर हलवण्याचे काम सकाळी दहाच्या आत उरकावे. थरमध्ये वाळू हलवणारे जोरदार वारे उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे टेकडीची नैर्ऋत्येकडची बाजू सौम्य आणि दाबलेली, तर ईशान्येकडची ३२ ते ३४ अंशांपर्यंत उतरती आणि भुसभुशीत असते. शाळेच्या भूगोलात बारखाणाची आकृती काढलेल्यांना हे आठवेल. जैसलमेरहून पश्चिमेला जाताना समोर नेमकी ही तीव्र बाजू येते. ट्रेलर घेऊन ती चढण्याचा प्रयत्न कोणी करू नये, दोन टेकड्यांमधल्या सपाट जमिनीतून वळसा घालावा. तेथेही सेवण गवताचे पुंजके टाळून जावे, कारण गुरांचा चारा तोच आहे आणि वाळू धरून ठेवणारी मुळेही तीच आहेत. वाट अनोळखी असेल तर आधी चालत जाऊन यावे. ट्रेलरसह पूर्ण वळून परत फिरता येईल एवढी घट्ट जागा पुढे दिसली नाही, तर त्या वाटेला जाऊच नये.

चालवताना लो रेंजमध्ये दुसऱ्या गिअरने सुटून एकसारखी गती ठेवणे हे मुख्य कौशल्य आहे. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरताच इंजिनची ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद करावा, अन्यथा ज्या क्षणी ताकद हवी असते त्याच क्षणी इंजिन मागे हटते. थांबताना ब्रेक दाबू नये, कारण चाकांपुढे वाळूची पाचर तयार होते आणि सहा चाकांपुढच्या सहा पाचरी ओलांडून पुन्हा सुटणे कठीण जाते. गाडी आपोआप थांबू द्यावी, आणि शक्यतो तोंड उताराकडे असताना.

गुरांच्या येण्याजाण्याने कुटल्या गेलेल्या एका पट्ट्यात पुढे असलेल्या भावाच्या गाडीचा वेग एकदम उतरला, तेव्हा वॉकी-टॉकीवर त्याचा आवाज आला, “दादा, इथे फार मऊ आहे, उजवीकडून झुडपांच्या कडेने ये, थांबू नकोस.” आम्ही उजवीकडे वळलो, पण तोवर ट्रेलरचे डावे चाक पट्ट्यात उतरले होते आणि गाडी जागीच फिरू लागली. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय लगेच काढावा. आणखी पाच सेकंद चाके फिरली तर गाडी आसापर्यंत बसते. आम्ही सहाही चाकांपुढची वाळू फावड्याने लांब उताराच्या आकारात काढली आणि ट्रेलरच्या आसाखाली हात घालून तो मोकळा आहे ना ते पाहिले. आस वाळूवर टेकलेला असताना कितीही ओढले तरी उपयोग होत नाही. मग पिकअपच्या मागच्या चाकांपुढे ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खडबडीत फळ्या) घट्ट खोचले, हवा १५ वर आणली, आणि भावाने त्याच्या गाडीला ओढण्याचा पट्टा लावून सावकाश ताण दिला. पाच-सहा मीटरवर घट्ट जमीन लागली.

यातल्या दोन बाबी मला ठामपणे सांगायच्या आहेत. ओढण्याचा पट्टा हिचच्या बॉलला कधीही अडकवू नये. तो बॉल ट्रेलरचा सततचा भार घेण्यासाठी असतो, धक्क्याने तो तुटला तर तोफेच्या वेगाने उडतो आणि अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. पट्टा गाडीच्या चासीला जोडलेल्या, भारक्षमता ठाऊक असलेल्या हुकालाच लावावा, आणि ताण असताना सर्वांना पट्ट्याच्या लांबीहून दूर उभे करावे. दुसरी बाब मागे येण्याची. आमच्यासारखे, ट्रेलर गाडीवर रेलला की आपोआप लागणारे ब्रेक असतील, तर मागे येताना तेच ब्रेक लागून ट्रेलर अडतो, म्हणून आधी त्यांची खीळ लावावी आणि बाहेर पडताच आठवणीने काढावी. ट्रेलर सोडून गाडी आधी काढणे हा अनेकदा सर्वांत सोपा मार्ग असतो, मात्र दांडीखालचे छोटे चाक वाळूत थेट शिरते. त्याखाली ठेवायला जाड प्लायवूडचा हात-दीड हात लांबीरुंदीचा तुकडा आम्ही नेला होता आणि सगळ्या सामानात सर्वाधिक वेळा तोच लागला.

मुक्कामाची जागा आम्ही घट्ट जमिनीच्या शेवटच्या टोकाला ठेवली आणि पुढच्या टेकड्या ट्रेलर सोडून, रिकाम्या गाडीने व पायी पाहिल्या. माझ्या मते ट्रेलर नेण्याची खरी पद्धत हीच आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान पाच अंशांच्या आसपास उतरते, त्यामुळे पांघरुणे मुंबईच्या अंदाजाने नेऊ नयेत. पाण्याच्या बाबतीत गावातल्या टाक्यांवर आणि बेऱ्यांवर (झिरपलेले पाणी साठवणाऱ्या छोट्या विहिरींवर) अवलंबून राहू नये. ते पाणी त्यांनी पावसात थेंब थेंब जमवलेले असते. सरपणासाठी खेजडीला हात लावू नये. दसऱ्याला आपण पूजतो ती शमी हीच आहे. स्वयंपाक गॅसवर करावा आणि फळांच्या सालींसह सगळा कचरा परत आणावा, कारण कोरड्या हवेत साली लवकर कुजत नाहीत, दीर्घकाळ तशाच पडून राहतात. उरलेली भाजी बकऱ्यांना चालेल का, असे आम्ही शेतकऱ्यांना विचारले तेव्हा त्यांनी आनंदाने ती नेली.

परतताना डांबरी रस्ता लागताच, एक किलोमीटरही पुढे न जाता, हवा पुन्हा भरावी. कमी हवेवर महामार्गाच्या वेगाने गेल्यास टायरच्या भिंती तापून फुटतात. कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या खोबणीत न लावता थेट बॅटरीला लावावा. सहा चाकांना मिळून अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो आणि कॉम्प्रेसरला मध्ये थंडही होऊ द्यावे लागते. त्याच वेळात टायरच्या बाजूंत काटे शिरले आहेत का ते पाहावे, हिचच्या बॉलवरची वाळूमिश्रित चिकटण पुसून नवे ग्रीस लावावे आणि दिव्यांच्या प्लगमधली वाळू ब्रशने झाडावी. आमच्या ट्रेलरचा एक इंडिकेटर केवळ त्या वाळूमुळे बंद होता. घरी पोहोचल्यावर एअर फिल्टर झटकून न भागवता बदलावा, आणि ट्रेलरचे दोन्ही हब उघडून बेअरिंग धुऊन पुन्हा ग्रीस भरल्याशिवाय तो पुढच्या प्रवासाला काढू नये.