दुखऱ्या अंगठ्याला मानवणारा नेक: माझा अनुभव

गिटारचा नेक म्हणजे डाव्या हातात धरायचा तिचा लांब दांडा. तो पातळ असला की हाताला आराम, असं गिटारच्या दुकानात जो तो सांगतो. माझ्या डाव्या अंगठ्याचं मत वेगळं आहे आणि या बाबतीत त्याचंच ऐकायचं असं मी ठरवलं. साठीकडे झुकलेल्या किंवा कधीतरी मार बसलेल्या हातांनी अजूनही वाजवणाऱ्यांना ही शोधाशोध उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी वसईची. आमच्या चर्चच्या गायनवृंदात तरुणपणापासून इलेक्ट्रिक गिटार वाजवते. रविवारची मिस्सा, सणवार, नाताळची गाणी आणि मग लग्नांचा हंगाम. लीड, म्हणजे एकेका सुराची धून वाजवणं माझं काम नाही, मी कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकत्र दाबून धरणारी. तासन् तास एफ, बी-फ्लॅट, जी-मायनर. गाणाऱ्यांच्या गळ्याला ज्या पट्ट्या सोयीच्या, त्या नेमक्या गिटारवाल्याच्या हातावर उठतात. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात विहिरीपाशी शेवाळावरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण तळवा पूर्वीसारखा पुरता वर वळेना. त्यात पन्नाशीनंतर अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. बरणीचं झाकण उघडताना, कपडे पिळताना कळ यायची. बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, धरला की हमखास.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजल्याचं सांगितलं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे दुखणं बरंच दिसतं म्हणे. गिटार सोडा असं मात्र ते म्हणाले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. पहिल्याच भेटीत म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी गिटार घेऊनच या. तुम्ही कशी धरता ते बघितल्याशिवाय मी काय सांगणार?"

तिने वाजवताना बघितलं आणि एक हिशोब सांगितला, तो डोक्यात पक्का बसला. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत एक किलोचा चिमटा घेतला, तर अंगठ्याच्या मुळाशी सुमारे बारा किलोचा भार येतो. मनगट वाकलेलं असेल तर त्यातून जाणाऱ्या नसेवरही दाब वाढतो. म्हणजे मला हव्या होत्या तीन गोष्टी: चिमट्याचा जोर कमी, अंगठा आणि बोटांमधलं अंतर थोडं मोकळं, मनगट शक्य तितकं सरळ. मग पुढचं सगळं मी याच तीन गोष्टींवर तोलून बघितलं.

नेक बदलण्याआधी आहे ती गिटार तपासणं आलंच. माझी गिटार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची, इंडोनेशियात बनलेली. एका कारागिराकडे सेटअपला, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवायला दिली. त्याने तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट दाखवली. तिथे तार जेमतेम सुटलेली असावी. माझ्याकडे चांगली ऐसपैस फट होती. नट म्हणजे नेकच्या टोकाशी तारा बसवायची खाचांची पट्टी. तिच्या खाचा उथळ राहिल्या की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर दाबायला विनाकारण जोर लागतो, आणि एफ नेमका तिथेच. खाचा खोल केल्या, नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून नेकचा बाक कमी केला, बाराव्या फ्रेटवर पातळ तारेची उंची दीड मिलिमीटरच्या आसपास आणली. एवढ्यानेच निम्मा त्रास गेला असं वाटलं. ज्यांना नवीन गिटार घ्यायची घाई झाली आहे त्यांनी आधी हा खर्च करावा. तो नेकच्या मानाने किरकोळ आहे.

मग तारा. सेटचा आकडा म्हणजे सर्वांत पातळ तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. दहाच्या सेटमधली सर्वांत पातळ तार सुरात असताना तिच्यावर सात किलोहून थोडा जास्त ताण असतो, नऊच्या सेटमध्ये तो सहाच्या आसपास येतो. बर्मिंगहॅमच्या, ब्लॅक सॅबथ बँडमधल्या टोनी आयोमीचं उदाहरण गिटारवाल्यांना माहीत असतं. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हातच तो. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बॅन्जोच्या पातळ तारा लावल्या, पुढे सूरही खाली उतरवले. माझं दुखणं त्यापुढे काहीच नाही, पण ताण कमी करायची वाट तीच.

आता स्केलबद्दल, म्हणजे नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीबद्दल, कारण नेक निवडताना लोक जाडीवर अडकतात आणि लांबीकडे बघतच नाहीत. फेंडरच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) आणि टेलीचं (टेलिकास्टर) स्केल साडेपंचवीस इंच, गिब्सनच्या लेस पॉलचं साधारण पावणेपंचवीस, फेंडर मस्टँगचं चोवीस. तार तीच आणि सूर तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाने बदलतो. म्हणजे साडेपंचवीसवरून पावणेपंचवीसवर आलं की ताण सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो, चोवीसवर आलं तर अकरा टक्क्यांनी. शिवाय फ्रेट जवळ येतात. पहिल्या चार फ्रेटमध्ये पावणेपंचविसात चारेक मिलिमीटर वाचतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं. करंगळी ताणून बघा.

हे विकत न घेताही आजमावता येतं. सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवायच्या आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी क्लिप लावायची. पट्टी मूळचीच राहते, ताण अकरा टक्क्यांनी कमी होतो आणि उरलेली लांबी भरते चोवीस इंचांना थोडी जास्त. म्हणजे घरच्या घरी मस्टँग तयार! अशी काही आठवडे वाजवली. मनगटाला फार बरं वाटलं, पण बोटांची मात्र गर्दी व्हायला लागली, कारण माझ्या बोटांचे सांधे सुजून जाड झाले आहेत. आणि नऊच्या सेटमधल्या जाड तारा फार सैल वाजत होत्या, जोरात छेडलं की सूर वर जायचा. त्यामुळे मी पावणेपंचविसावर थांबायचं ठरवलं. नटची रुंदी ४२ ऐवजी ४३ मिलिमीटर असावी, हेही त्याच गर्दीवरून ठरलं.

जाडीचा प्रश्न सोडवला तो माझ्या बहिणीच्या मुलाने, नकळत. तो मेटल संगीत वाजवतो. त्याची गिटार आयबानेझची. नेक पहिल्या फ्रेटपाशी १९ मिलिमीटर, बाराव्यापाशी २१. "मावशी, ही घेऊन बघ, लोण्यासारखी आहे." खरंच होती. पहिली दहा मिनिटं मला वाटलं, हेच पाहिजे. अर्ध्या तासाने अंगठा पेटला. कारण सरळ आहे. नेक जितका पातळ, तितका अंगठा बोटांच्या जवळ येतो, चिमटा घट्ट मिटतो आणि मिटलेल्या चिमट्यातच तो झिजलेला सांधा सर्वांत जास्त दबतो. भाच्याचा अंगठा नेकवर जेमतेम टेकलेला असतो, त्याची बोटं एकेका तारेवर धावत असतात. त्याला पातळ नेक शोभतो. मी चार-चार मिनिटं बार कॉर्ड धरून ठेवणारी. मला तळहात भरेल असं काहीतरी हवं होतं.

मग माझ्याच गिटारच्या नेकला मागून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवल्या, वरून कागदी टेप. नवऱ्याचं वालीवला वर्कशॉप, त्यामुळे व्हर्नियर घरात असतोच. त्याने मापं घेऊन दिली: मूळ नेक २१ च्या आसपास होता, पुठ्ठ्यासकट २३ च्या वर गेला. हात सरकत नव्हता, पण कॉर्डसाठी चाचणी पुरेशी होती. तालमीच्या शेवटी अंगठा शिणला होता, ठणकत नव्हता. फरक कळला. आणखी एक थर चढवला तेव्हा मात्र करंगळी जाड तारांपर्यंत पोचेना आणि मनगट पुढे वाकायला लागलं. म्हणजे जाडीलाही हद्द आहे, आणि ती प्रत्येकाच्या पंजानुसार वेगळी.

नेकच्या पाठीचा आकार पारखायला मुंबईत धोबीतलावला आणि आणखी एक-दोन दुकानांत गेले. दुकानदारांना माझं बसून राहणं आवडलं नसणार. प्रत्येक गिटारवर मी कॉर्ड धरून निदान वीस मिनिटं बसत होते, कारण दुखणं पाच मिनिटांत बोलत नाही. पाठीला धार असलेला व्ही आकार काहींना फार आवडतो. माझ्या अंगठ्याला ती धार थेट सांध्यात टोचायची. सपाट पाठीचा डी बरा, पण भरदार गोल सी सर्वांत उत्तम. लेस पॉलचा नेक हाताला छान बसला, पण चार किलोंच्या पुढचं वजन खांद्यावर घेऊन दोन तासांची मिस्सा उभ्याने वाजवायची माझी तयारी नाही.

फिंगरबोर्डचा, म्हणजे नेकच्या तारांखालच्या बाजूचा, बाकही बघा. जुन्या फेंडरचा बाक सव्वासात इंच त्रिज्येचा, म्हणजे चांगला गोल, नव्यांचा साडेनऊ, गिब्सनचा बारा, भाच्याच्या गिटारचा चारशे मिलिमीटर, जवळजवळ सपाट. सपाट बोर्डवर बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, सोपं जातं. पण माझी तर्जनी आता पुरती सरळ होत नाही, तिच्या पेरांवर गाठी आल्या आहेत. ती गोल बोर्डवर आपसूक टेकते, सपाटवर मधल्या तारा मुक्या राहतात. म्हणून साडेनऊ.

स्ट्रॅटचा नेक चार स्क्रूंवर बसतो, त्यामुळे अख्खी गिटार बदलायची गरज नव्हती. फेंडर पद्धतीच्या बॉडीवर बसेल पण स्केल पावणेपंचवीस इंच असेल असा नेक अमेरिकेतली वॉरमॉथ कंपनी बनवते. त्यात नेकची लांबीच हिशोबाने कमी ठेवलेली असते, म्हणून ब्रिज जागचा हलवावा लागत नाही. कुठलाही आखूड नेक आणून बसवला तर वरच्या फ्रेटांवर सूर जुळणार नाहीत, हे ध्यानात ठेवा. मागवण्यापूर्वी बॉडीतल्या खाचेची रुंदी मोजली. ५६ मिलिमीटर लागते. आशियात बनलेल्या काही गिटारींत स्क्रूंची भोकं थोडी इकडेतिकडे असतात, तीही मोजून घेतली. कॅनडातल्या भाचीने नाताळला येताना नेक सोबत आणला.

लाकूड भाजलेलं मेपल घेतलं, कारण त्याला वर लॅकर नसला तरी चालतं. वसईच्या दमट हवेत चकचकीत लॅकरवर घामेजला हात अडकतो, आणि अडकला की आपण नकळत जास्त जोर लावतो. ज्यांचा नेक चकचकीत आहे त्यांनी पाठीवरून भांडी घासायची हिरवी घासणी हलक्या हाताने, लाकडाच्या रेषेत फिरवावी. चमक जाते, हात सरकतो. बोर्डला किंवा फ्रेटना घासणी लावू नका.

बसवण्याचं काम त्याच कारागिराने केलं. नट नव्याने कोरावा लागला, फ्रेटची टोकं घासावी लागली. फ्रेट मी मुद्दाम थोडे उंच घेतले. त्यांच्यावर बोट लाकडाला न घासता तार दाबली जाते, फक्त फार जोरात दाबलं तर सूर चढतो. माझ्यासारख्या जोर लावणारणीला हा आपोआप मिळणारा दम आहे. आवाजात थोडा फरक पडला, तारा जरा मऊ वाजतात. आमच्या कीबोर्डवाल्याला आवडलं, मला अजून जुना टणत्कार आठवतो.

नेक आला म्हणून फिजिओच्या मुलीने मला सोडलं नाही. आता पट्टा आखूड आहे, गिटार छातीशी आणि नेकचं टोक खांद्याच्या उंचीला, त्यामुळे मोडलेल्या मनगटाला वळायचे कष्ट कमी. बसून वाजवायचं तर डाव्या मांडीवर गिटार, पायाखाली छोटं स्टूल. तिने एक सराव दिला: अंगठा नेकवरून पूर्ण उचलायचा आणि फक्त कोपर मागे ओढून, हाताच्या वजनाने कॉर्ड वाजतो का ते बघायचं. सुरुवातीला अजिबात वाजत नाही. मग कळतं की आपण आयुष्यभर किती जास्त दाबत होतो.

कॉर्डही हलके केले आहेत. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८च्या आगीत निकामी झाली, तरी उरलेल्या बोटांवर त्याने काय काय वाजवलं ते जगाला माहीत आहे. आमच्याकडे बेस वाजवणारा मुलगा मूळ सूर धरतोच, मग मी सहाही तारा दाबायचा हट्ट का धरावा? एफ आता मधल्या तीन-चार तारांवरच घेते. लांबलचक लग्न असलं तर अंगठ्याला मऊ पट्टा बांधून जाते आणि कव्वाली थाटाची गाणी भाच्यावर सोपवते. पावसाळा सरला की नेकचा बाक पुन्हा तपासायचा आहे. आमच्याकडची हवा भाजलेल्या लाकडालाही थोडंफार हलवतेच, आणि तारा वर आल्या की अंगठा लगेच सांगतो.