माळ्यावरचे दप्तर

रत्नागिरीत पावसाळा सरला की गाद्या उन्हात पडतात. यंदा त्यांच्याबरोबर आमच्या दिव्यांग संघटनेचे दप्तरही माळ्यावरून खाली उतरले, मात्र उन्हाने कागद कडक आणि शाई फिकी होते म्हणून ते पडवीत, सावलीत पसरले. दोन पत्र्याच्या ट्रंकांतून इतिवृत्ताच्या वह्या, आवक-जावक नोंदवह्या आणि १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याच्या आधीपासूनची निवेदने निघाली.

अहवाल छापील असतात, त्यांच्या प्रती कुठे ना कुठे मिळतात, आणि त्यांत बहुधा पाहुण्यांचे सत्कारच असतात. इतिवृत्ताची वही मात्र एकच असते. एका सभेच्या नोंदीत शेवटी वेगळ्या शाईने लिहिले आहे की सभा पहिल्या मजल्यावर असल्यामुळे तीन सभासद खालीच थांबले व त्यांच्या सह्या जिन्याच्या पायरीवर घेतल्या. ही ओळ कोणत्याही अहवालात आलेली नाही.

गंजलेल्या टाचण्या काढल्या, पण कागदांचा क्रम मोडला नाही, कारण कोणता कागद कोणत्या कागदामागे लावला होता हीसुद्धा माहितीच असते. लॅमिनेशनचा आग्रह मी मोडून काढला. एकदा प्लास्टिकमध्ये गेलेला कागद धड बाहेर निघत नाही. सूचीत 'अपंग', 'मतिमंद' हे जुने शब्द तसेच ठेवून शेजारी आजचे शब्द दिले. २०१६ च्या नव्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या ७ प्रकारांचे २१ केले, म्हणून जुन्या फायलींची नावे बदलत बसलो, तर पुढच्या शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही. वैद्यकीय दाखले मात्र वेगळे बांधून बंद ठेवले आहेत; ते ज्याचे, त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या संमतीवाचून ते कोणीही उघडायचे नाहीत.

हस्तलिखिताच्या नुसत्या फोटोचा आमच्या अंध सभासदांना उपयोग नाही, म्हणून एक जण वाचतो आणि दुसरा टंकतो. आठवड्याला एक वही होते, तीही अक्षर लागले तर.

सर्वांत मोठी चूक आमचीच निघाली. ब्रेल पत्रांचा गठ्ठा ट्रंकेच्या तळाशी आडवा ठेवला होता आणि वरच्या फायलींच्या भाराने बोटांनी वाचायचे उठावाचे ठिपके दबून सपाट झाले होते. ब्रेल उभेच ठेवायचे असते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. आता एक ज्येष्ठ सभासद रोज सकाळी पडवीत बसून त्यावरून हळूहळू बोट फिरवतात आणि लागेल तेवढा मजकूर सांगतात. काल एका पत्राची तारीख लागली. नावावर मात्र त्यांचे बोट तीनदा परत गेले, आणि तिथे मी कोरी जागा सोडली आहे.