तुम्ही विचारलंत म्हणून: "त्याला कळलं का हो, आजोबा गेलेले?"

हा प्रश्न मला इथे ठाण्यात, नौपाड्यात भाजी घेताना, लिफ्टमध्ये, लग्नात, कुठेही विचारतात आणि तोही माझ्या मुलासमोर, जणू त्याला ऐकूच येत नाही. तो तेरा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे त्याला. (स्वमग्न म्हणू नका प्लीज, तो स्वतःत वगैरे मग्न नसतो, त्याचं सगळीकडे लक्ष असतं.)

तर कळलं. आमचं बोलणं मात्र कळलं नाही.

२०२३ च्या जूनमध्ये माझे सासरे गेले. शेवटचे दोन महिने घरीच होते, ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास घुर्रर्र करायचं आणि हा कानांवर हात ठेवून दारातूनच परत फिरायचा. आत्या म्हणायच्या, बघ, आजोबांजवळ बसतसुद्धा नाही. अहो, आपल्याला तो आवाज दहा मिनिटांनी ऐकू येईनासा होतो, त्याला नाही होत. नणंदेच्या मुलाचे मोठे हेडफोन घातले तेव्हा बसला की अर्धा तास, पायाशी.

गेले त्या दिवशी कोणीतरी प्रेमानेच सांगितलं, आजोबा देवाघरी गेले. हा उठला, स्वयंपाकघरातलं देवघर उघडलं, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती सगळे बाजूला करून पाहिलं, खालचा उदबत्त्यांचा ड्रॉवरही पाहिला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "नाहीत."

मग मी त्याला आत नेऊन सरळ सांगितलं. आजोबांचं हृदय बंद पडलं, श्वास बंद झाला, शरीर आता चालणार नाही, ते परत येणार नाहीत. "उद्या?" उद्याही नाही. "रविवारी?" रविवारीही नाही. ठीक आहे म्हणाला आणि वरणभात मागितला. तेवढ्यावरून पाहुण्यांनी ठरवलं की त्याला काही वाटत नाही.

रविवार का, तर दर रविवारी चार वाजता दोघं ठाणे-वाशी लोकलने जायचे, नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून. ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. उतरायचं, वडापाव, परत.

ऑगस्टमध्ये पोटात दुखायला लागलं. आता हे पोटात दुखणं म्हणजे आमच्याकडे मोठं प्रकरण, कारण शरीराच्या आतलं काय दुखतंय, कुठे दुखतंय हे बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना नीट उमगत नाही किंवा उमगलं तरी सांगता येत नाही. सात वर्षांचा असताना चार दिवस डोकं भिंतीवर आपटत होता, आम्ही आणि डॉक्टरही हट्ट हट्ट म्हणत बसलो, शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली तर आत पू. तो चार दिवसांचा अपराध माझ्या मनातून जात नाही. त्यामुळे वागणं बदललं की आधी कान, दात, पोट, मग बाकीचं.

यावेळी सोनोग्राफी नॉर्मल, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मी कॅलेंडरवर खुणा करत होते म्हणून दिसलं, दुखणं फक्त रविवारी, साडेतीनच्या पुढे. दोन महिन्यांनी आलेलं रडू होतं ते, पोटातून आलं.

मग आम्हीच जायला लागलो त्याच्याबरोबर. माझा नवरा पहिल्या फेरीत घणसोलीपर्यंत खिडकीकडे तोंड करून होता, त्याला कळलं का असं मात्र कोणी विचारलं नाही.

२०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं. ठाण्यानंतर थेट ऐरोली, ही त्याच्या आयुष्यातली पक्की गोष्ट, ती बदलली, म्हणून मी आधीच घाबरून फोटो काढून, यादी लिहून तयारी केली होती. गाडी दिघ्याला थांबली. तो बोर्ड वाचत राहिला आणि म्हणाला, "आजोबांना दिघा माहीत नाही."

घरी आल्यावर चप्पल न काढता हॉलमधल्या फोटोपुढे गेला. "ठाणे, दिघा गाव, ऐरोली," वाशीपर्यंत सगळं म्हणून दाखवलं, आणि आजोबा दिघ्याशी अडकू नयेत म्हणून असेल, ते दोनदा.