ऑगस्टची फुलं

15 ऑगस्टला फुलं मिळत नाहीत असं नाही, पण मिळतात ती भिजलेली. आमची शाळा पुरंदर तालुक्यातली. 26 जानेवारीला तिथे फुलांची ददात नसे. निम्म्या पोरांच्या शेतात शेवंती नाहीतर ॲस्टर, सांगितलं की पाट्या भरून यायच्या. श्रावणात मात्र गंमत वेगळी. झेंडू असायचा, पण गोंड्यात पाणी धरलेलं. देठाला धरून उलटा झटकला की मनगटापर्यंत ओघळ. अशा फुलांचा हार रात्री ओवून ठेवला तर सकाळी आतून कुजका वास सुटतो. त्यामुळे 14 तारखेच्या दुपारी सातवीच्या वर्गातले बाक भिंतीला लावून जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरायची आणि त्यावर झेंडू पसरून वर पंखा सोडायचा, ही पहिली कामगिरी. सजावट वगैरे त्यानंतर.

बाकीची फुलं घराघरातून यायची. कुणाच्या परसातली तगर, कुणाकडचा अनंत, बांधावरचा तेरडा, ओढ्याकाठची कर्दळ. अनंत आणणाऱ्याचा रुबाब मोठा, पण ते फूल दुसऱ्या दिवशी पिवळं पडतं, म्हणून बाई ते सकाळी आणायला लावत. तगर खुडताना बोटांना चीक लागतो आणि त्याला धूळ चिकटून बोटं काळी होतात. प्रभातफेरीत पांढऱ्याशुभ्र गणवेशातली काळ्या बोटांची पोरं दिसली की समजावं, ही सजावटवाली.

खरी पंचाईत हिरव्या रंगाची. केशरीला झेंडू, पांढऱ्याला तगर, हिरवं फूल आणायचं कुठून? अशोकाची पानं कातरून पाहिली तर कडा वळतात. कडुनिंब तासाभरात मलूल. शेवटी हरळी टिकली. मुळं काढून बारीक कातरलेली हरळी ओल्या हवेत दुपारपर्यंत हिरवीगार राहते. पावसाळ्यात शाळेचं मैदान म्हणजे हरळीच, त्यामुळे माल फुकट.

आमचे कवायतीचे सर नियमांचे पक्के. खांबाला खालपासून वरपर्यंत हार गुंडाळायची हौस दरवर्षी कुणाला तरी यायचीच. सर तो उतरवायला लावत. ध्वजाच्या खांबावर किंवा त्याच्या वर फुलं, हार काही लावायचं नाही, हे ध्वजसंहितेत लिहिलेलं आहे. जमिनीवर झेंड्याचं चित्रही ते काढू देत नसत. पाय पडणार म्हणून. मग आम्ही चबुतऱ्याभोवती तीन रंगांची नुसती वर्तुळं करायचो. आणि सभागृहाच्या दारात चक्र: खाली तगरीची गादी, वर गोकर्णीच्या निळ्या फुलांचे आरे. आरे 24, म्हणजे फुलंही किमान तेवढी, शिवाय कडेच्या गोलासाठी वेगळी. गोकर्ण खुडली की लगेच मान टाकते. तेव्हा पहाटे टॉर्च घेऊन कुंपणं पालथी घालायला दोघी-तिघी निघत. या कामासाठी भांडणं होत, हे सांगायलाच हवं.

पण फुलांच्या कामातलं सर्वात नाजूक काम शिपाईमामांचं. फडकवण्याआधी झेंड्यात पाकळ्या ठेवायला 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला हरकत नसते. मामा झेंड्याच्या घड्या घालत, मध्ये पाकळ्या ठेवत आणि दोरीचा असा फास बसवत की एका हिसक्यात सुटावा. पाकळ्या ओंजळभरच, आणि कडक कोरड्या. आम्ही आणखी मूठभर टाकायला गेलो की ते हात धरत. एक वर्ष ते रजेवर होते. फास सुटला, झेंडा फडकला, पण पाकळ्यांचा ओला गोळा थेट प्रमुख पाहुण्यांच्या टोपीवर. राष्ट्रगीत सुरू होईपर्यंत आख्खी शाळा ओठ दाबून उभी.

जानेवारीची सजावट फोटोत जास्त चांगली दिसते, हे मान्य. निशिगंधाच्या जुड्या, शेवंतीच्या माळा, मंचावर फुलदाण्या, वर्गावर्गांत चढाओढ. तरी मला ती लग्नाच्या मांडवासारखी वाटे. ऑगस्टच्या सजावटीत कुठलं फूल कुणाच्या घरचं हे ओळखू यायचं. सावित्रीबाईंच्या फोटोला घालायचा हार आठवीतल्या मुली करत, दोऱ्याऐवजी केळीच्या ओल्या सोपटात बांधून. सोपट फुलाचा देठ कापत नाही, दोरा कापतो.

हल्ली आमच्या सोसायटीत फुग्यांची कमान असते. पाच मिनिटांत लागते, पावसाला भीत नाही. माझी तक्रार नाही, फक्त दारातल्या चक्राची जागा मी मागून घेतली आहे. जूनमध्येच कुंडीत गोकर्ण लावली. एका वेलाला एका दिवशी एवढी फुलं काही येत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आधीच शब्द टाकून ठेवलाय. त्यांच्याकडची दुहेरी पाकळ्यांची आहे, आऱ्यांना जरा जाड होते, पण चालवून घेऊ.